टाळ्या वाजवण्याआधी

‘हात दुखत होता, तरी पठ्ठ्या खेळत राहिला!’ हे ऐकलं की आपण आधी टाळ्या वाजवतो. विचार नंतर, तोही केलाच तर. या टाळ्या किती महाग पडू शकतात, हे हायस्कूल बेसबॉलमधले मानसन्मान बघितले की कळतं.

जपानमध्ये हायस्कूलची उन्हाळी बेसबॉल स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली. कोशिएनच्या मैदानावरचे तिचे सामने लोक टीव्हीसमोर बसून बघतात. जिंकलेल्या शाळेला लाल झेंडा मिळतो. हरलेली मुलं डोळे पुसत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. तिथवर पोहोचणं हाच मोठा मान. २०१८ मध्ये अकितामधल्या एका कृषी शाळेला पिचर कोसेई योशिदाने अंतिम फेरीत नेलं. सहा सामन्यांत त्याने तब्बल ८८१ चेंडू टाकले. लोक त्याच्या प्रेमात पडले, पण प्रश्नही उठला: सतरा वर्षांच्या मुलाचा हात असा वापरायचा का? २०२० मध्ये नियम आला. एका पिचरने आठवड्यात जास्तीत जास्त ५०० चेंडू टाकायचे, बस्स.

अमेरिकेतही हेच. टेक्सासमधल्या ब्रेनहॅमच्या जॉन पीटर्सने पिचर म्हणून सलग ५३ सामने जिंकले. १९८९ मध्ये तो ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर झळकला. हा मान मिळालेला तो पहिला हायस्कूल बेसबॉलपटू. पुढे हाताने दगा दिला, शस्त्रक्रिया झाल्या आणि व्यावसायिक बेसबॉल राहूनच गेलं. २०१७ पासून तिथल्या राज्यांनाही हायस्कूलच्या पिचरसाठी चेंडूंची मर्यादा ठरवावी लागली.

योशिदा पुढे व्यावसायिक खेळाडू झाला, पीटर्स झाला नाही. कुणाचा हात टिकेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आणि खेळणारा पोरगा ‘मला थांबवा’ असं कधीच म्हणणार नाही. समोर ट्रॉफी आणि गॅलरीत अख्खी शाळा असताना कोण म्हणेल? थांबवायचं काम कोचचं, शाळेचं आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपलंही आहे.

तुमच्यातले काही जण यंदा कॉलेजच्या क्रीडा समितीवर असतील. बक्षिसांची यादी करताना एक नाव वाढवा: दुखापत ओळखून आपल्या सर्वोत्तम खेळाडूला वेळेत बाहेर बसवणाऱ्या कोचचं. सामना हरला असला तरी. त्याच्यासाठीही जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या.