निमुळत्या बोर्डाचा हट्ट सोडा

पुणेकराच्या डोळ्यांत पाण्यावरच्या वेगाचं एकच चित्र आहे. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा चाललेली असावी आणि सुरीसारखी नाव पाणी कापत जावी. याच शहरात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झालेला नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ वल्हं मारायला शिकला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावा आला. तसल्या नावेची लांबी सुमारे 8 मीटर आणि रुंदी जेमतेम फूटभर. लांब आणि निमुळतं ते वेगवान, हे समीकरण आपल्या मनात असं पक्कं बसलं आहे. विंडसर्फिंगचा बोर्ड घ्यायला निघालेला माणूस तेच समीकरण बरोबर घेऊन जातो आणि चुकीचा बोर्ड घरी आणतो. मीही पहिला बोर्ड असाच आणला. त्याची रुंदी साठ सेंटिमीटरही नव्हती, आणि दोन उन्हाळे तो पाण्यावर एकदाही धड चढला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पूर्वपक्ष खोटा नाही, तो दुसऱ्या खेळाचा आहे. वल्ह्याची नाव शर्यतभर पाण्यात बसूनच जाते. पाणी बाजूला सारत जायचं असेल तर कमीत कमी पाणी सारावं, म्हणून ती निमुळती. विंडसर्फिंगच्या बोर्डाला पाण्यात बसून जायचंच नाही. त्याला पाण्यावर चढायचं आहे. अडीच मीटरचा बोर्ड ताशी 7 किलोमीटरच्या आसपास पोचला की त्याने उठवलेली लाट त्याच्याइतकीच लांब होते. मग तो स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकतो. तो चढ ओलांडून वर येणं आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणं, यालाच प्लेनिंग म्हणतात. लहानपणी तळ्यावर भाकऱ्या करायला आपण कुठला दगड निवडायचो? चपटा आणि रुंद. पेन्सिलीसारखा दगड कोणी उचलला नाही.

पाण्याकडून वरचा रेटा घ्यायचा तर पसरट तळ हवा, आणि तोही आडवा पसरलेला. तळाखालचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवून तो आखूड आणि रुंद केला तर कमी वेगातही रेटा जास्त मिळतो आणि त्यासाठी मोजावी लागणारी ओढ कमी होते. घारीचे पंख लांब का असतात, याचं उत्तरही हेच आहे. रुंद म्हणजे बोजड हा समजही टिकत नाही. बोर्ड एकदा चढला की पुढचा अर्धाअधिक भाग हवेत असतो आणि पाण्याला टेकतो तो फक्त मागचा तुकडा.

ऑलिंपिकच्या बोर्डांची मापंच पाहा. 1996 ते 2004 चा मिस्ट्रल 3.72 मीटर लांब आणि 63.5 सेंटिमीटर रुंद होता. 2008 पासून आलेला आरएस:एक्स 2.86 मीटर लांब आणि 93 सेंटिमीटर रुंद. 2023 च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने भारताला कांस्य मिळवून दिलं ते याच बोर्डावर. पॅरिसमध्ये 2024 साली आला तो 2.20 मीटर लांब, 95 सेंटिमीटर रुंद. फॉर्म्युला वर्गाचे बोर्ड तर मीटरभर रुंद असतात. त्यांच्याखाली 70 सेंटिमीटरची फिन आणि वर अकरा-बारा चौरस मीटरचं शीड असलं की ते 7-8 नॉट्सच्या, म्हणजे ताशी 13 ते 15 किलोमीटरच्या वाऱ्यात पाण्यावर चढतात. ज्यांचं पदक सेकंदांवर ठरतं त्यांनी निमुळतेपणा सोडून दिला, आणि आपण अजून त्याला धरून बसलो आहोत.

यावर हमखास येणारा आक्षेप विक्रमवीरांचा. आंत्वान अल्बो या फ्रेंच खेळाडूने नोव्हेंबर 2015 मध्ये नामिबियातल्या ल्युडरिट्झला 500 मीटर अंतरावर 53.27 नॉट्सचा, म्हणजे ताशी जवळपास 99 किलोमीटरचा वेग गाठला. त्याचा बोर्ड अरुंदच होता, हे खरं. पण तिथे वादळी वारा होता, आणि पाणी सपाट राहावं म्हणून वाळवंटात मुद्दाम खोदलेला कालवा होता. तसल्या वाऱ्यात रुंद बोर्ड हवेत उडतो, पायाखाली राहत नाही. अरुंद बोर्ड वेग निर्माण करतो म्हणून तो तिथे घेत नाहीत, वेग पेलतो म्हणून घेतात. जो वेग आपल्याकडे अजून आलेलाच नाही, तो पेलण्याची तजवीज आधी कशाला?

आता आपल्या वाऱ्याकडे येऊ. खडकवासल्याच्या पाण्यावर, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बेमध्ये, छात्र शिडाच्या होड्या आणि विंडसर्फिंग शिकतात. तिथे काय किंवा पवना-मुळशीकडे परवानगी असेल तिथे काय, वारा डोंगरांतून येतो. मार्च ते मे या महिन्यांत खारे वारे घाट चढून दुपार कलल्यावर पोचतात. पावसाळ्यात पश्चिमेचा जोर असतो. पण दोन्ही ऋतूंत तो झोताझोताने येतो. एक झोत, मग पोकळी, मग पुन्हा झोत. अशा ठिकाणी पोकळीतही पाण्यावर टिकून राहतो तोच बोर्ड वेगवान. समजा, दहा मिनिटांत रुंद बोर्ड सहा मिनिटं ताशी 35 च्या वेगाने घसरला आणि अरुंद दोनच मिनिटं ताशी 40 ने, आणि उरलेला वेळ दोघेही ताशी 8 ने रखडले. पहिल्याची सरासरी 24 येते आणि दुसऱ्याची 14. लवकर चढणं आणि वेगात जाणं यांत भांडण आहे असं सांगितलं जातं. ते भांडण वीस-पंचवीस नॉट्सच्या पुढे सुरू होतं. त्याच्या खाली, आपल्या बहुतेक दुपारी, ते एकच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. वाऱ्याच्या वेगाबरोबर हवेचं वजनही मोजायला हवं. समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानात, एका घनमीटर हवेचं वजन 1.225 किलो भरतं. पुण्याच्या 560 मीटर उंचीवर, मे महिन्यातल्या 35 अंशांच्या दुपारी, ते सुमारे 1.07 किलो भरतं. तेवढाच वारा शिडाला तेराएक टक्के कमी ढकलतो. युरोपातल्या तक्त्यात साडेसात चौरस मीटरचं शीड लिहिलं असेल तर इथे साडेआठचं लावावं लागतं, आणि साडेआठचं शीड पेलायला बोर्ड रुंदच हवा. तो तक्ता तसाच्या तसा उतरवून घेणाऱ्याला मग वाटतं की आपलंच तंत्र कच्चं आहे. तंत्र कच्चं नसतं, हवा हलकी असते.

दुसरा मोठा गैरसमज लिटरचा. दुकानात पहिला प्रश्न असतो तो ‘किती लिटरचा?’ लिटर म्हणजे तरंगण्याची ताकद. आपलं, शिडाचं आणि बोर्डाचं वजन पेलून उभं राहण्यापुरती ती लागते. धरणाच्या गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा अडीच टक्के जास्त लागते, एवढंच. बोर्ड पाण्यावर चढला की त्याला पाण्याचा रेटा उचलून धरतो. तिथे लिटर मागे पडतात आणि रुंदी, तळ आणि वजन यांचं राज्य सुरू होतं. जाड, फुगीर कडांचा 140 लिटरचा बोर्ड उशिरा चढतो आणि पातळ, रुंद 120 लिटरचा आधी, हे मी शेजारी शेजारी पाहिलं आहे.

फॉइलवाल्यांचं म्हणणं मात्र मी मान्य करतो. पाण्याखालच्या पंखाने बोर्ड पाण्याबाहेरच उचलला तर फार हलक्या वाऱ्यातही वेग मिळतो, यात वाद नाही. पण त्याचा दांडा 80-90 सेंटिमीटर खोल जातो. एप्रिल-मेमध्ये धरण उतरतं आणि झाडांचे बुंधे, जुने बांध पृष्ठभागाच्या जवळ येतात. तिथे ताशी 30 च्या वेगाने दांडा आपटणं म्हणजे तोंडावर पडणं, आणि तेही दुखापतीनिशी. पाणी भरलेलं असेल आणि तळ माहीत असेल, तर फॉइल जरूर घ्या.

मग घ्यायचं काय? सत्तर-पंचाहत्तर किलोच्या, पट्ट्यांत पाय घालून उभं राहता येणाऱ्या माणसासाठी माझं उत्तर असं: रुंदी 75 ते 85 सेंटिमीटर, लांबी अडीच मीटरच्या आत, 115 ते 135 लिटर, आणि वर साडेसात ते नऊ चौरस मीटरचं शीड. शेपटाची रुंदी वेगळी मोजा, टोकापासून 30 सेंटिमीटर अलीकडे. लवकर चढण्याचं काम शेपूट करतं. तळाच्या मागच्या पाऊण मीटरवर सुताराची सरळ पट्टी धरून पाहा. पट्टीखाली फट दिसली तर तो बोर्ड वळायला छान आहे, पण चढायला आणि धावायला नाही. फिन 44 ते 50 सेंटिमीटरची घ्या. रुंद शेपटाखाली आखूड फिन लावली तर मागचा भाग बाजूला सटकतो आणि दोष बोर्डाला लागतो. मागे कललेली दुसरी फिनही जवळ ठेवा, कारण पाणगवत सरळ फिनला अडकतं आणि कललेलीवरून निसटतं. महागड्या कार्बनमुळे किलो-दीड किलो वाचतं, हे खरं. पण ते पैसे आधी मोठ्या शिडावर खर्च करा.

टेप आणि सरळ पट्टी घेऊनच दुकानात जा. विकणारा रुंदी, शेपूट आणि फिन सोडून फक्त लिटर सांगत असेल, तर त्या दिवशी तो बोर्ड घेऊ नका.