तपासणीने भीती जाते काय?

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे भरतात. रक्तदाब मोजला जातो, साखर पाहिली जाते, म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासले जातात. मंडळांच्या कार्यकर्त्यांचे हे काम चांगलेच आहे व ते वाढले पाहिजे. परंतु अलीकडे या मांडवात एक नवे टेबल दिसू लागले आहे. त्यावर खासगी लॅबचा किंवा स्कॅन सेंटरचा माणूस बसलेला असतो आणि 'फुल बॉडी चेकअप'ची पत्रके वाटत असतो. साठ-सत्तर तपासण्या एका पॅकेजमध्ये, सोबत पोटाची सोनोग्राफी, आणखी पैसे भरले तर सीटी स्कॅन नाही तर एमआरआय. काही होत नसले तरी तपासून घ्या, म्हणजे मनाला घोर राहणार नाही, असा एकूण त्या पत्रकाचा रोख असतो. आम्हांला आज या घोराबद्दलच बोलायचे आहे. तो खरोखर जातो काय?

हे पत्रक घेणारा माणूस कोण, हे आधी पाहू. तो बहुधा आपल्यातलाच नोकरदार असतो. बँकेत, रेल्वेत, महानगरपालिकेत नाही तर शाळेत लागलेला, घरात पहिल्यांदाच महिन्याचा पगार आणणारा. त्याच्या बापाचा आजार शेवटच्या अवस्थेत कळलेला असतो. आई सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहून गोळ्या घेऊन परत आलेली असते आणि दुखणे काय होते हे तिला कोणीच सांगितलेले नसते. अशा माणसाच्या मनात आजाराची धास्ती असेल तर ती श्रीमंतांचे चोचले म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे. म्हणूनच तिचा कोणी धंदा करीत असेल तर ते आम्हांला जास्त झोंबते.

लंडनमध्ये रोज डोके दुखणाऱ्या १५० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मेंदूचा स्कॅन करून घेण्याची सोय दिली, दुसऱ्याला दिली नाही. तीन महिन्यांनी पाहिले तर स्कॅनची सोय मिळालेल्यांची काळजी कमी झाली होती. वर्षाने पुन्हा विचारले तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. म्हणजे स्कॅनने दिलेला धीर वर्षभरही टिकला नाही. पुढे २०१३ साली अशा १४ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांत ३,८२८ रुग्ण होते. कोणाचे डोके, कोणाची पाठ, कोणाची छाती दुखत होती, पण गंभीर आजाराची शक्यता सर्वांच्याच बाबतीत कमी होती. तपासणी केल्याने त्यांची काळजी, त्यांची भीती आणि त्यांचा त्रास यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असाच निष्कर्ष निघाला.

हे लोक निदान काही दुखते म्हणून आले होते. ज्याला काहीच होत नाही त्याचे काय? त्याच्या बाबतीतही २०१९ साली १७ प्रयोगांचा आणि त्यांतील अडीच लाखांहून अधिक लोकांचा आढावा प्रसिद्ध झाला. सरसकट आरोग्य तपासणीने मृत्यूंच्या संख्येत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असे त्यात आढळले. हे प्रयोग मुख्यतः युरोप-अमेरिकेतले आहेत. तेथे एरवीही डॉक्टर हाताशी असतो; आपल्या वस्तीत मात्र चाळिशी उलटली तरी कित्येकांचा रक्तदाब कोणी मोजलेलाच नसतो. हा फरक आम्ही विसरत नाही. शिबिरात रक्तदाब आणि साखर पाहणे थांबवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचा आक्षेप शेजारच्या टेबलाला आहे.

याचे कारण साधे आहे. माणसाचे शरीर म्हणजे कोरी पाटी नव्हे. वय वाढते तशा मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, यकृतावर डाग दिसतात, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत बारीक गाठी असतात. यातले बहुतेक काही माणसाला आयुष्यभर त्रास देत नाही. पण यंत्राला ते दिसते, आणि दिसले की रिपोर्टमध्ये एक ओळ येते: अमुक ठिकाणी इतक्या मिलिमीटरची गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ते सहा महिने त्या घराने कसे काढायचे? निश्चिंत होण्यासाठी पैसे भरलेला माणूस आता रोज रात्री गळा चाचपून पाहतो. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे हा ज्यांचा व्यवसायच आहे अशा डॉक्टरांनी, २०२३ साली सांगितले की लक्षणे नसलेल्या माणसाचा संपूर्ण शरीराचा स्कॅन करावा असे सुचवण्याइतका पुरावा नाही.

दक्षिण कोरियात हे एका अख्ख्या देशाच्या बाबतीत घडले. तेथे १९९९ साली सरकारने कर्करोग तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू केली. योजना चांगली होती. थायरॉईड त्या यादीत नव्हता. परंतु लोक तपासणीला आलेच आहेत तर थोडे जादा पैसे घेऊन गळ्याचीही सोनोग्राफी करून देऊ, असे दवाखान्यांनी ठरवले. लोकांनीही ती करून घेतली. कर्करोग म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? परिणाम असा झाला की २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना, तुम्हांला कर्करोग आहे, असे सांगण्यात आले. आणि या रोगाने मरणाऱ्यांची संख्या? ती वर्षाला चारशेच्या आतच होती. ती वाढलीही नाही आणि कमीही झाली नाही.

रोग पंधरापट वाढला असता तर मृत्यू वाढले असते. लवकर शोधून माणसे वाचली असती तर मृत्यू घटले असते. दोन्ही झाले नाही, याचा अर्थ शोधले गेले ते बहुतांशी कोणालाही न मारणारे होते. पण निदान झाल्यावर जवळजवळ सर्वांच्या ग्रंथी कापून काढल्या गेल्या. ग्रंथी पूर्ण गेली की जन्मभर गोळी. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांच्या शरीरातले कॅल्शियमचे गणित बिघडले, तर २ टक्के लोकांच्या स्वरयंत्राला इजा होऊन आवाज गेला किंवा बसला. २०१४ साली तेथीलच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन, निरोगी माणसाच्या गळ्याची सोनोग्राफी थांबवा, असे जाहीर पत्र काढले. एका वर्षात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. ज्यांचे गळे आधीच कापले गेले त्यांना त्याचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

मग भीती जाते तरी कशाने? न्यूझीलंडमध्ये छातीत दुखते म्हणून आलेल्या ९२ रुग्णांवर झालेला एक छोटा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. चालत्या पट्ट्यावरची हृदयाची तपासणी करण्याआधी काही रुग्णांना एक पत्रक दिले आणि समोर बसून, तपासणी चांगली आली तर तिचा अर्थ काय, हे समजावून सांगितले. महिन्यानंतर या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त धीर आलेला होता आणि छातीत दुखण्याच्या तक्रारीही त्यांच्यात कमी होत्या. यंत्र तेच, निकाल तेच. फरक एवढाच की कोणीतरी माणसासारखे बोलले. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णासाठी दोन मिनिटे मिळणे कठीण. जे दोन शब्द तेथे मिळायला हवे होते, त्यांची भरपाई माणूस बाहेर पाच हजारांच्या पॅकेजने करू पाहतो. पॅकेजमध्ये साठ आकडे मिळतात, पण बोलणारे कोणी मिळत नाही.

म्हणून तपासण्या सगळ्याच फसव्या, असा अर्थ कोणी काढू नये. तो तितकाच घातक ठरेल, आणि आपल्या आया-बहिणींना सर्वात जास्त घातक ठरेल. त्याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ गावांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली जगापुढे आले. ज्या गावांत स्त्रियांची एचपीव्ही विषाणूची फक्त एकदा तपासणी झाली आणि दोष आढळलेल्यांवर लगेच उपचार झाले, तेथे या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत सुमारे निम्मे झाले. तपासणी न झालेल्या गटात ३१ हजारांवर स्त्रिया होत्या. त्यांना तपासणीविना का ठेवले, यावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. केरळात तर आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते तोंडात डोकावून पाहिले; तंबाखू खाणाऱ्या व दारू पिणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले, हे २००५ साली सिद्ध झाले. त्याला एमआरआय लागला नाही.

या तपासण्या विशिष्ट माणसांच्या, विशिष्ट आजारासाठी होत्या आणि दोष सापडल्यावर उपचाराची सोय जोडलेली होती. पॅकेजवाला यातले काहीच विचारत नाही. तो फक्त वय आणि फोन नंबर विचारतो.

सरकारचे धोरण पाहा. प्रतिबंधात्मक तपासणीसाठी २०१२-१३ पासून जुन्या कररचनेत पाच हजार रुपयांपर्यंत आयकरात वजावट मिळते. जी बाई घरकाम करते, कचरा वेचते, तिला आयकरच नाही तर वजावट कुठली! तिच्यासाठी केंद्राने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि मधुमेह, शिवाय तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी व्हायची आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया निघाल्या १.९ टक्के. उस्मानाबादच्या स्त्रियांनी जगाला हे ज्ञान मिळवून दिले त्याला तोवर दहा वर्षे होऊन गेली होती.

तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची सूचना अशी की स्कॅनच्या पॅकेजचे टेबल मांडवात घेऊ नये. त्याऐवजी आपल्या भागातील आरोग्य केंद्राकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. ३० वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी कोणत्या वारी होते, ती करणारी प्रशिक्षित नर्स नेमलेली आहे काय, गेल्या वर्षभरात किती जणींची झाली आणि दोष आढळलेल्यांना पुढे कोणत्या रुग्णालयात पाठवले, एवढेच विचारावे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.