तट्टू निवडताना
सुटीत माथेरानला गेले, की दस्तुरी नाक्यावर घोडेवाल्यांचा गराडा पडतो. प्रौढ माणूस बहुधा आपल्या उंचीस शोभेल असे जनावर शोधतो. वस्तुतः पाहावयाचे ते वजन. खोगिरासह स्वाराचा भार जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे ३०० किलोच्या तट्टावर ६० किलोच. त्यातच खोगीरही आले. चढणीवर याहून कमी बरे. ओझ्याच्या तट्टासाठी १९६५ च्या केंद्रीय नियमांनी ७० किलोंची मर्यादा घातली आहे.

लांब पाय खाली लोंबले, तर स्वार थोडा हास्यास्पद दिसेल इतकेच. तट्टाचे त्यात काही बिघडत नाही. रुंद छातीचे, आखूड पाठीचे, दणकट पायांचे बुटके तट्टू उंच पण कृश घोड्याहून अधिक भार सोसते. निवडण्यापूर्वी खोगीर काढवून पाठ पाहावी. जखम दिसल्यास वा जनावर लंगडत असल्यास ते घेऊ नये.

८० किलोंच्या गृहस्थास सुमारे साडेचारशे किलोंचा घोडा हवा. तो न मिळाल्यास मुलांना तट्टावर बसवावे व आपण शेजारून चालावे. मुक्या जनावरास नकार देता येत नाही. तो त्याच्या वतीने आपणच द्यावयाचा असतो.