‘जैन साबण’ हे लेबल नव्हे



दिवाळीआधी आमच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात मी घरी केलेले साबण मांडले होते. वेष्टनावर हौसेने छापून घेतलं होतं: ‘शुद्ध, अहिंसक, केमिकल-फ्री’. एक व्रती काकू आल्या. वडी उलटसुलट पाहून म्हणाल्या, “अगं, यात आहे काय?”

“काकू, आपलं जैनच आहे.”

“ते वाचलं मी. घातलंयस काय?”

मला सांगता येईना. साबणाचा तयार बेस मी घाऊक दुकानातून आणला होता. त्यात स्टिअरिक ॲसिड होतं. ते पामतेलापासून होतं, तसंच जनावराच्या चरबीपासूनही. कागदावर नाव एकच. दुकानदाराला फोन केला तर, “मॅडम, सगळ्या हाच नेतात.” मी मुकाट्याने सगळ्या वड्या पिशवीत भरल्या.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. ज्या वस्तूत काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही, तिच्यावर ‘जैन’ लिहिणं म्हणजे धर्माच्या नावावर उधारी करणं आहे. लोक आपल्या साबणावर नाही, आपल्या धर्मावर विश्वास ठेवून पैसे देतात.

आजूबाजूला पाहा. मधाचा त्याग आपल्या मूलगुणांत आहे, आणि आपल्याच स्टॉलवर ‘मध-हळद साबण’ असतो! ‘नैसर्गिक मेणाची’ मेणबत्ती म्हणजे मधमाशांचं पोळं वितळवून काढलेलं मेण असू शकतं. लिप बाममधलं लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं, कार्माइनचा लाल रंग किडे वाळवून केलेला असतो. विकणारी बाई वाईट नसते. तिने विचारलेलं नसतं, एवढंच.

आणि ‘केमिकल-फ्री’? तेलात कॉस्टिक सोडा मिसळल्याशिवाय साबणाची वडी होतच नाही. नीट मोजून केलेल्या वडीत तो शेवटी उरत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायला लाज कसली? खरं सांगितलं तर ती घाबरेल म्हणून खोटं छापायचं, हा कुठला सत्याणुव्रताचा अर्थ?

अचौर्य व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यातले तीन तर थेट आपल्या टेबलावर आहेत. ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे एक दाखवून दुसरं विकणं. ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे मापात खोट. ताजी वडी १०० ग्रॅम भरते, पण चार-सहा आठवडे वाळल्यावर ती हलकी होते. वजन वाळल्यावरच करून छापायला हवं. आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याचा नियम मोडणं. सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे नियम आहेत. विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी लागते.

“आपण घरगुती बाया, आपल्याला कुठे एवढं जमणार?” असं मला ऐकवतात. पैसे घेताना आपण घरगुती नसतो, मग लेबल लावतानाच का व्हावं? जोवर परवाना नाही, तोवर घरात वापरा, बहिणीला भेट द्या, विकू नका. मीही सध्या तेच करते आहे.

परवाना मिळाला की मोठ्या शब्दांऐवजी साधे शब्द लिहा: खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा, पाणी, सुगंध. मेणबत्तीवर लिहा: पॅराफिन की सोयाचं मेण. बेस आणलात तर स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन वनस्पतीजन्य असल्याचं विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो देत नसेल तर तो बेस घेऊच नका.

वेष्टनावर जागा कमी पडते? मग ‘अहिंसक’ हा शब्द काढा, आणि तिथे घटक लिहा. घटक वाचून काय ते काकू ठरवतील.