वैक्रान्ताची ओळख निश्चित व्हावी

रसशास्त्रातील महारसांत गणलेल्या वैक्रान्ताच्या ओळखीविषयी अद्याप एकमत नाही. काही विद्वान त्यास तोरमल्ली मानतात, तर काही फ्लोराइट, म्हणजेच कॅल्शियम फ्लोराइड. ग्रंथोक्त आठ फलकांचे लक्षण फ्लोराइटला जुळते. त्याच्या स्फटिकात फ्लोराइडचे दोन थर जेथे लागून येतात तेथे बंध दुबळा असतो. म्हणून तो आठ फलकांच्या आकारात फुटतो. परंतु वज्राच्या अभावी योजावयाच्या या द्रव्याचे काठिण्य मोहमापावर अवघे ४ असावे, हे आम्हांस पटत नाही. तोरमल्लीचे काठिण्य ७ ते ७.५ आहे.

हा वाद केवळ शाब्दिक नव्हे. फ्लोराइट पाण्यात अत्यल्प विरघळते, आम्लात मात्र अधिक. आणि फ्लोराइडचा अतिरेक दात व अस्थी यांस बाधक ठरतो. तोरमल्ली हे सर्वस्वी भिन्न, बोरॉनयुक्त सिलिकेट आहे. एकाच नावाखाली ही दोन द्रव्ये रुग्णाच्या पोटात जाणे अक्षम्य होय.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे की, भस्मनिर्मात्यांनी मूळ खनिजाचे नाव वेष्टनावर छापावे. वैद्यांनीही शोधनापूर्वी खड्यावर पोलादी सुरी ओढून पाहावी. फ्लोराइटवर ओरखडा उमटतो, तोरमल्लीवर उमटत नाही. द्रव्यनिश्चितीवाचून शोधन-मारणाची चर्चा व्यर्थ आहे.