पट्ठा हरला, वस्ताद कुठाय?

दोस्तहो, पाचवीतलं पोरगं आता नापास होऊ शकतं, हे आपल्या वस्तीत किती आईबापांना ठाऊक आहे? मी विचारत हिंडलोय. उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा, शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करणारा, महापालिकेच्या घंटागाडीवरचा, चार घरची धुणीभांडी करणारी. बहुतेकांचं उत्तर एकच : "आठवीपर्यंत कुणाला नापास करत न्हाईत की."

करत नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं कलम होतं. २०१९ साली दिल्लीनं त्या कलमाला भोक पाडलं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं आपले नियम बदलले आणि पाचवीला-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथंही आपटलं तर पुन्हा त्याच वर्गात. दहा-अकरा वर्षांचं पोर! आणि आठवीत मागं ठेवलेलं पोर पुन्हा त्या बाकावर बसत नाही, ते सरळ गॅरेजात जातं. याला आकडेवारी नको. आपली एक गल्ली चालत जा, पुरे.

आता यावर दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीतले पालक म्हणतात, परीक्षांनी पोरांवर ताण येतो. खरंच येत असेल. शिष्यवृत्ती, नवोदय, प्रज्ञाशोध, ऑलिंपियाड, प्रत्येकाचा क्लास वेगळा, गाईड वेगळं. त्यांचा वैताग खोटा नाही. पण तो शर्यतीत पहिलं यायचा ताण आहे. आपल्या पोराला शर्यत सुटल्याची शिट्टीच ऐकू आलेली नसते.

दुसरं बोलणं आपल्याच माणसांचं, आणि ते मला जास्त छळतं. आपले आईबाप परीक्षेच्या बाजूनं आहेत. "आठवीपर्यंत ढकलत न्हेलं आणि नववीत कळलं पोराला वाचाय येत न्हाई," असं सांगणारा बाप खोटं बोलत नाही. शिवाय कागदावरचा मार्क आडनाव विचारत नाही, ही आपल्या लोकांची जुनी श्रद्धा आहे. मास्तर तोंडावर तुच्छतेनं बोलला तरी मार्क खोडू शकत नव्हता, म्हणून तर एक पिढी नोकरीला लागली. तेव्हा चळवळीतल्या कुणी उठून "परीक्षाच रद्द करा" म्हणू नये. (असं म्हणणाऱ्या काहींची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत जातात, तेही एकदा विचारा.) सवाल वेगळा आहे. परीक्षा घ्या, जरूर घ्या. पण कुणाची?

गेल्या वर्षी एका आईबरोबर मी एका शाळेत गेलो होतो. ती म्हणाली, "दादा, तुमी चला, मला बोलाय येत न्हाई." बाईंनी पोराची चाचणी पुढं ठेवली. भाषेत कमी, गणितात त्याहून कमी. म्हणाल्या, "घरी अभ्यास घेत जा जरा." तर ही आई, जिला बोलायला येत नव्हतं, ती म्हणाली, "बाई, मला वाचाय येत असतं तर मी त्याला तुमच्याकडं कशाला धाडलो असतो?"

बाई गप्प झाल्या. त्यांच्यावर आवाज चढवावा असं मला वाटलं नाही. त्यांच्याकडं दोन वर्ग, वर मतदारयाद्या, सर्वेक्षणं, आणि त्या चाचणीचे मार्क मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचं काम. कागद पुण्यात ठरतो, मार्क ऑनलाइन वर जातात. वरून काय खाली येतं? त्या आईच्या हातात तरी काही आलं नाही. पोर कशात अडलंय, ते कोण शिकवणार, कधी शिकवणार, यातलं एक अक्षर नाही. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' पासून फक्त एक शब्द वस्तीत रुळला : 'अप्रगत'. पोर अप्रगत. शाळा अप्रगत, खातं अप्रगत असं कधी कुणी ऐकलंय?

हे कोल्हापूर आहे. इथं तालमीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागू नये. खासबागेच्या मैदानात जोड लावताना पोराचं वजन बघतात, उमर बघतात, खुराक बघतात. उपाशी पोराला कुणी दूध-बदामावरच्या गड्यासमोर उभं करत नाही. केलं तर लोक मैदानात ओरडतात. आणि पट्ठा हरला तर लोक विचारतात, वस्ताद कोण रे याचा? अब्रू वस्तादाची जाते. शाळेच्या आखाड्यात मात्र पट्ठा हरला की पट्ठ्यालाच घरी पाठवतात, आणि वस्ताद, म्हणजे हे सरकार, निकाल वाचून दाखवायला उभं!

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एका शाळेत बसवा असा हुकूम काढला. आधी तुझी बुद्धी तपासतो मग बसवतो, असं त्या राजानं म्हटलं नाही. बाप चुकला तर बापाला दंड होता. आज बाप पोराला रोज शाळेत धाडतो, आणि पाच वर्षांनी पोराला जोडाक्षर वाचता येत नाही. आता दंड कुणाला?

शिष्यवृत्ती परीक्षेचं बघा. २०१६-१७ ला ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली, २०२५ साली पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झाला. पोरं म्हणजे बुद्धिबळातली प्यादी. त्या परीक्षेत तीनशेपैकी शंभर मार्क 'बुद्धिमत्ता चाचणी'ला. नाव बघा! आरशातली प्रतिमा, घड्याळाचे काटे, सांकेतिक भाषा, नातेसंबंध. गाईड घेऊन रोज सराव केला की जमतं, न केला तर जमत नाही. तरी तिला बुद्धी म्हणायचं. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी-भुदरगडच्या जिल्हा परिषद शाळांतली शेतमजुरांची पोरं यादीत येतात, कारण तिथले गुरुजी सकाळ-संध्याकाळ जादा तास घेतात. म्हणजे बुद्धी जन्मानं येत नाही, कुणीतरी जवळ बसून शिकवलं की येते. हे त्या पोरांनी सिद्ध केलंय. पण तिथंही चार चमकणारी पोरं निवडून त्यांना घासतात आणि बाकीची मागच्या बाकावर राहतात, असा प्रकार मी पाहिलाय. चौकात फ्लेक्स लागतो तो चौघांचा.

ही बुद्धी मोजायची टूम आली कुठून? १९०५ साली फ्रान्समध्ये बिने नावाच्या माणसानं चाचणी काढली, ती कुठल्या पोराला जास्त मदत हवी हे ओळखायला. ती अमेरिकेत गेली आणि उलटी झाली. १९१६ साली टर्मननं तिथली आवृत्ती छापली आणि काळ्या, मेक्सिकन पोरांची बुद्धी वंशानंच कमी असते, असं लिहून मोकळा झाला. त्याच वर्षी, त्याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचत होते. तिकडं जे वंशाच्या नावानं चाललं, ते इकडं 'गुणवत्ता' या गोड नावानं चालतं.

आणि खात्याला आपल्या पोरांचं कॅलेंडर तरी कुठं ठाऊक आहे? २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं ८ ते २५ एप्रिलला लावल्या. पत्र्याच्या घरात, भर उन्हात अभ्यास. मधेच १४ एप्रिल. भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचू की पेपर बघू, असं विचारणाऱ्या पोराला काय सांगायचं होतं?

आता कामाचं. कायदा म्हणतो, नापास झालेल्या पोराला फेरपरीक्षेआधी जादा शिकवलं पाहिजे. निकाल १ मेच्या सुमाराला, मग शाळेला कुलूप. हे शिकवणं कोण, कुठं, किती तास करणार, हे प्रत्येक आईबापानं मुख्याध्यापकांना लेखी विचारायचं आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्यायची. अर्ज लिहिता येत नसेल तर आपण लिहून देऊ, त्यावर अंगठा चालतो. शिकवलं नसेल तर फेरपरीक्षेच्या आधीच तसा अर्ज शिक्षणाधिकाऱ्याकडं गेला पाहिजे, निकालानंतर नाही. विहारात रोज संध्याकाळी दोन तास वर्ग घ्यायला कॉलेजची पोरंपोरी हवीत. गणिताला माणूस नाही. ज्याला जमेल त्यानं नाव द्यावं.