मडकं फुटलं तर फुटू दे

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वर्गाने मडकी भाजली. चौदातली नऊ फुटली. तेव्हापासून काही पालक म्हणतात, पोरांना शाळेत चिखल खेळायला पाठवतो का? मला हे पटत नाही. का ते सांगते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे आणि मडकी भाजायची गोल भट्टीसुद्धा सापडली. त्यांची भांडी लाल, वर काळी नक्षी, काहींना तोटी. टिचकी मारली की खण्ण वाजतात. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मी मनात म्हटले, त्यात काय एवढं, मडकंच तर आहे.

केले तेव्हा कळले. ओढ्याची माती आणली, खडे वेचले, राख घालून पायाने मळली. चाक नव्हते म्हणून मातीच्या वळ्या करून एकावर एक ठेवल्या. (माझ्या मडक्यावर म्हैस बसली होती का, असे मैत्रीण म्हणाली.) दोन दिवस वाळवून गोवऱ्यांत घालून पेटवले. फाट् फाट् आवाज! कुंभारआळीतले आजोबा बघायला आले होते. ते म्हणाले, "वरून वाळलं, पण आतून वल्लंच हाय. त्या पाण्याची वाफ होती अन् मडकं फोडती."

माझे मडके वाचले. घरी नेऊन पाणी भरले. सकाळी बघते तर बूड विरघळलेले, सगळा चिखल. आई लई ओरडली. म्हणजे ते नुसते तापले होते, भाजलेच नव्हते. आधी टिचकी मारून बघायला पाहिजे होती. इनामगावच्या लोकांना जाळ किती वेळ ठेवायचा हे कसे कळले असेल? त्यांचीपण पहिली फुटली असणार.

वर्गात एकजण म्हणाला, हे कुंभाराचं काम, आपण कशाला करायचं? मला राग आला. त्याचे मडके तर सगळ्यात आधी फुटले होते.

यात पैसे लागत नाहीत. कपडे मळले तर आम्ही धुऊ. (मी धुतलेला फ्रॉक आईने परत धुतला, ते वेगळे.) म्हणून पालकांनी परत एकदा करू द्यावे. या वेळी आठ दिवस सावलीत वाळवणार. जाळ कसा लावायचा ते दाखवायला आजोबा येतो म्हणालेत. माती शाळेच्या मागे गोणपाटाखाली भिजत घातली आहे. कोणी पाय देऊ नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी